होतकरू डिटेलरसाठी काही सक्तीच्या सूचना

पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांत रविवारी सकाळी एक गृहस्थ भर उजेडात टॉर्च लावून आपल्याच गाडीच्या बॉनेटवर ओणवे झालेले दिसतात. त्यांचे काही हरवलेले नसते. ते रंगावरचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे शोधत असतात, आणि सापडले की खूश होतात. हा आनंद ज्याला कळतो, त्यानेच पुढे वाचावे.

पहिला नियम बादल्यांचा. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत साधे पाणी. गाडीवरून फिरवलेला मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शाम्पूत बुडवायचा. नाहीतर दारावरची माती टपावर चढते. तळाशी जाळी असली की रेती खालीच बसून राहते. धुणे वरून खाली, रिमांना वेगळे कापड, आणि उन्हात मुळीच नाही. भांड्यांचा साबण वर्ज्य, तो लावलेले मेणही उतरवतो. एवढे सोवळे पाळूनही पाणी बोअरचे असेल तर वाळताच क्षारांचे पांढरे ठिपके उठतात. म्हणून शेवटचे पाणी आरओचे घ्यावे, असे जाणकार सांगतात. स्वयंपाकघरातून बादलीभर आरओचे पाणी खाली न्यायला परवानगी कशी काढायची, यावर मात्र ते मौन पाळतात.

जमिनीवर पडलेले मायक्रोफायबरचे कापड धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावू नये. यावर चर्चा नाही.

गाडी धुऊन झाली की हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटे रंगावरून फिरवावीत. डोळ्यांना लख्ख दिसणारा पत्रा खरखरीत लागतो. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक असे सगळे तिथे घर करून असते. त्यावर भरपूर ओल ठेवून क्ले बार, म्हणजे मळलेल्या मातीसारखी मऊ वडी, फिरवावा. तो खाली पडला तर फेकून द्यावा, किमतीकडे बघू नये. लोखंडासाठी निराळा फवारा मिळतो. तो मारला की जांभळे ओघळ सुटतात आणि गंधकाची दुर्गंधी पसरते. होतकरू हे ओघळ डोळे भरून बघत असतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून ‘ड्रेनेज तुंबलं का हो?’ अशी विचारणा होते.

पॉलिशिंगला मात्र जरा घाबरावे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे बहुधा केसाहूनही पातळ. ओरखडा ‘जातो’ तो भरून येत नाही. आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीवर आणलेला असतो. त्यामुळे ज्याचा गाडीवर फार जीव, त्याच्याच गाडीचा रंग लवकर झिजतो. नवशिक्याने रोटरी मशीनच्या वाटेला जाऊ नये, डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घ्यावा. कडांना मास्किंग टेप लावावी, कारण थर सर्वांत आधी तिथेच फाटतो.

सिरॅमिक कोटिंगच्या बाटलीवर ‘9एच’ लिहिलेले असते. ही कठीणता पेन्सिलींच्या मोजपट्टीवरची आहे. गेटवर किल्लीने रेघ ओढणाऱ्या पोराकडे पेन्सिल नसते.

सोसायटीत पहाटे एक बादली आणि एक फडके घेऊन वीसेक गाड्या पुसणारा मुलगा असतो. होतकरू त्याच्याकडे वैऱ्यासारखा बघतो, आणि शास्त्र होतकरूच्याच बाजूने आहे: धुळीवरून फिरणारे फडके हीच ओरखड्यांची जननी. पण त्या मुलाला सातच्या आत काम उरकायचे असते आणि महिन्याच्या महिन्याला पैसे मिळतात. होतकरूला एका दारावर दोन तास घालवायचे असतात, त्या वेळात फोन घ्यायचा नसतो, आणि हाताखालची एक तरी वस्तू हवी तशी होताना बघायची असते. त्यात वाईट काय आहे? आठवडाभर ऑफिसात दुसरे काय दिसते? घरच्यांनी चहा खाली पाठवावा आणि ‘किती वेळ?’ विचारू नये.

कटकट सुरू होते ती ‘याचा धंदा का करत नाहीस?’ असे कोणी म्हटल्यावर. पहिले गिऱ्हाईक मेहुणा असतो, म्हणजे पैशांचा प्रश्न मिटला. त्याच्या गाडीत सीटच्या रुळांखाली चिवड्यातले शेंगदाणे आणि डिकीत कधीतरी सांडलेले ताक असते. ताकावर अत्तराचा उपयोग नाही. एन्झाइम क्लीनर मुरवून, व्हॅक्यूमने ओढून, दारे उघडी ठेवून वाळवावे लागते. दुसरे गिऱ्हाईक काचांना काळी फिल्म मागते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येच काळ्या फिल्मना चाप लावला, हे त्याला ठाऊक असते. आपल्याला कोण पकडतो, एवढेच त्याचे म्हणणे. उद्यम नोंदणी फुकट होते, ती करून टाकावी. राज्यात सेवा देणाऱ्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ही मर्यादा होतकरूची झोप उडवत नाही. मात्र दर लावताना स्वतःचे तास धरावेत. बहुतेक जण शाम्पू धरतात, पॅड धरतात, पाठ धरत नाहीत. ती नंतर आपणहून धरते.

दसऱ्याची सूचना वेगळी. कोटिंग केलेल्या काळ्या गाडीवर गिऱ्हाईक हळद-कुंकवाचे स्वस्तिक काढणारच, त्यावर झेंडूही येणार. नको म्हणू नये, कोणी ऐकत नाही. फक्त बजावून ठेवावे की, संध्याकाळी भरपूर पाणी ओतून धुवा, सुकलेले कुंकू कापडाने खरवडू नका. ते खरवडतातच. म्हणून दिवाळीआधीच्या रविवारच्या वेळा आधीच देऊन टाकाव्यात, आणि मेहुण्याला सांगावे की जागा नाही.