शाओलिन, व्हाया केसनंद फाटा

(मुलांना जुन्या कुंग फू चित्रपटांची दीक्षा देऊ इच्छिणाऱ्या वाघोलीकर पालकांसाठी)

अबॅकस, रोबोटिक्स, कीबोर्ड आणि पोहणं एवढं लावून झाल्यावरही वाघोलीतल्या पालकाच्या हाती रविवारची दुपार शिल्लक राहतेच. बाहेर पडायची सोय नसते, कारण केसनंद फाट्यावरची कोंडी कधी सुटेल ते वाघेश्वरालाच ठाऊक. अशा दुपारी मुलांना कुंग फू चित्रपट दाखवावेत, अशी प्रस्तुत मार्गदर्शिकेची शिफारस आहे. चित्रपट म्हणजे जुनेच. ‘कुंग फू पांडा’ मुलांनी आपल्याआधी पाहिलेला असतो. त्या पांड्याच्या कितीतरी आधी, १९७८च्या सुमारास, हाँगकाँगमधल्या हाडामांसाच्या माणसांनी हे सगळं करून ठेवलंय, एवढंच त्यांना दाखवायचं आहे.

पूर्वतयारी घरापासून करावी, म्हणजे अक्षरशः घरापासून. टू बीएचकेच्या हॉलमधून सोफा, टीव्ही युनिट आणि इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग वजा केला तर सतरंजीएवढी जागा उरते. टीपॉय बेडरूममध्ये हलवावा. शोकेसमधला काचेचा गणपती, ऑफिसातून मिळालेली ट्रॉफी आणि लग्नात आहेर म्हणून आलेला ताजमहाल माळ्यावर ठेवावा. लाटणी मोजून कुलपात ठेवावीत. दोन लाटणी आणि पायजम्याची एक नाडी एवढ्या भांडवलावर नानचाकू तयार होतो, हे मुलांना कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या पिढीने तो खराट्याच्या दांड्याचे तुकडे आणि सायकलची चेन जोडून बनवला, आणि त्याचा पहिला फटका प्रत्येकाने स्वतःच्याच कोपरावर खाल्ला. ब्रिटनच्या सेन्सॉरने वर्षानुवर्षं पडद्यावरून नानचाकूची दृश्यं कापली; त्यांच्या घरात लाटणी नसतात, तरीही. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला जाऊन समक्ष कल्पना द्यावी. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये. तिथे टँकरच्या बिलाचा विषय चालू असतो, त्यात आपली भर नको.

वयाबद्दल म्हणाल तर सेन्सॉर बोर्डाने २०२४पासून यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशी वर्गवारी आणली आहे. ती मुलांना लावावी. बाबांचं वय या कामापुरतं सातच्या खाली धरावं.

पहिला चित्रपट कोणता, हा प्रश्न बाबांना पडत नाही. त्यांचं ठरलेलं असतं: ब्रूस ली, ‘एंटर द ड्रॅगन’. तसं करू नये. त्यात सूड आहे, अफू आहे, खलनायकाच्या हाताला पोलादी नख्या आहेत. आणि मुख्य अडचण म्हणजे मूल विचारतं, ‘हा काका आता कुठे असतो?’ हा काका २० जुलै १९७३ला, म्हणजे ‘एंटर द ड्रॅगन’ प्रदर्शित होण्याआधीच, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. रविवारच्या दुपारी, पोह्यांची ताटली हातात घेऊन, हे समजावून सांगणं सोपं नाही. ब्रूस ली दाखवायचाच असेल तर ‘वे ऑफ द ड्रॅगन’ (१९७२) दाखवावा, कारण त्यात तो खेड्यातून थेट रोममध्ये उतरलेला, भाषा न कळणारा, विमानतळावर भूक लागलेला भोळा मुलगा आहे. मेनूवर बोट ठेवतो आणि समोर सूपच सूप येतं. मुलं इथे पोट धरून हसतात आणि पुढची मारामारी विसरायला तयार होतात. शेवटची कलोसियममधली लढत मोठ्यांनी आधी पाहून ठेवावी. ती संपते ती एका माणसाच्या मृत्यूने, आणि एक मांजराचं पिल्लू सगळं बघत असतं. त्याच लढतीत ब्रूस ली चक नॉरिसच्या छातीवरचे केस मुठीने उपटतो आणि फुंकर मारून उडवून देतो. या चित्रपटाला बाबांनी बनियनवर बसू नये.

सुरुवात जॅकी चॅनपासून करावी. ‘प्रोजेक्ट ए’ (१९८३) उत्तम. त्यात तो घड्याळाच्या मनोऱ्यावरून लटकतो आणि हात सुटल्यावर कापडी छपरं फाडत जमिनीवर येतो. खरोखर येतो. शेवटी नामावलीबरोबर फसलेल्या उड्या दाखवतात, त्या मुद्दाम दाखवाव्यात. लागतं, रडू येतं, लोक उचलून नेतात, हे मुलांना चित्रपटापेक्षा त्या दोन मिनिटांत जास्त कळतं. त्यातले जॅकी, सॅमो हंग आणि युएन बियाओ हे तिघे पेकिंग ऑपेराच्या एकाच शाळेतले. मास्तर यू जिम-युएन. आईवडील करारावर सही करून पोर त्यांच्या ताब्यात देत. जॅकीचा करार दहा वर्षांचा होता. पहाटेपासून कोलांट्या, आणि चुकलं की छडी. ही माहिती धमकी म्हणून वापरण्याचा मोह आवरावा. ‘तुलाही पाठवू का तिकडे?’ असं विचारल्यावर मूल बॅग भरायला घेतं, कारण त्या शाळेत गणित होतं असं आपण कुठेच म्हटलेलं नसतं.

‘पोलीस स्टोरी’ (१९८५) मॉलच्या फेरीआधी दाखवू नये. जॅकी त्यात मॉलच्या वरच्या मजल्यावरून दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या खांबाला धरून खाली घसरतो आणि हात भाजून घेतो. विमाननगरच्या मॉलमध्ये दिवाळीला तशाच माळा लावलेल्या असतात. वाघोलीत तर जिकडे बघावं तिकडे परांच्या उभ्या. सिक्युरिटीवाल्या काकांना मुलांचे फोटो आधीच देऊन ठेवले तर बरं.

आता भाषेचा प्रश्न. सबटायटल वाचता येत नाहीत अशाच वयात हे चित्रपट लागू पडतात, म्हणून डबिंग पालकाने स्वतः करावं. संकोच नको. त्या काळात हाँगकाँगचे बहुतेक चित्रपट आवाजाशिवाय चित्रित होत आणि संवाद मागाहून भरले जात. पडद्यावरच्या नटाचा आवाज त्याचा स्वतःचाच असेल, असा भरवसा नसे. ओठ एक बोलतात आणि कानांवर दुसरंच पडतं, ही त्या कलेची परंपराच आहे. सिफूला ‘वस्ताद’ म्हणावं, कोल्हापूरच्या तालमीत म्हणतात तसं. ‘गुरुजी’ म्हटलं की मुलांना सत्यनारायणाची पूजा आठवते. नायकाने गावाकडचं बोलावं. लांब पांढऱ्या भुवयांच्या खलनायकाने मात्र अस्सल पेठी मराठीत बोलावं: ‘आत येण्यापूर्वी आपण बाहेरची पाटी वाचलीत काय?’ त्याच्या दुष्टपणाचा आणखी कुठलाही पुरावा लागत नाही. किंकाळ्यांचं भाषांतर करू नये. दार उघडं राहिलं तर मजल्यावरची इतर मुलं येऊन बसतात, त्यात कोणी बिहारचं, कोणी ओडिशाचं, कोणी आंध्रचं, आणि डबिंग आपोआप हिंदीत घसरतं. घसरू द्यावं. वाघोलीत तेच होतं.

डबिंगची खरी परीक्षा ‘ड्रंकन मास्टर’मध्ये (१९७८). नायक वोंग फेइ-हुंग, म्हणजे कँटन प्रांतात खरोखर होऊन गेलेला वैद्य आणि वस्ताद. पण इथे तो उनाड पोरगा आहे आणि दारू प्यायल्याशिवाय त्याला लढता येत नाही. अनेक घरांत पालक ‘तो काढा पितोय’ असं सांगून वेळ मारून नेतात. हा उपाय तात्पुरता आहे. पुढच्या सर्दीत मूल आपणहून काढा मागतं, एका घोटात संपवतं आणि झोकांड्या देत आजीवर चालून जातं. त्यापेक्षा दारूला दारू म्हणावं आणि विषय चटकन तालमीकडे न्यावा. म्हातारा वस्ताद त्याला उलटं टांगून, चिमुकल्या कपांनी खालच्या बादलीतलं पाणी वरच्या बादलीत भरायला लावतो. मुलं हे बघून पाच मिनिटं गप्प होतात. कुठल्याच औषधाने एवढा गुण येत नाही.

इथे आपण या मार्गदर्शिकेच्या गाभ्याशी येतो. त्याच वर्षी शॉ ब्रदर्सचा ‘द थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन’ आला. दिग्दर्शक लाउ कार-लिउंग. त्यांचे वडील लाम साई-विंग यांचे शिष्य, आणि लाम साई-विंग त्याच वोंग फेइ-हुंग यांचे. आपल्याकडे ख्यालगायकीत याला घराणं म्हणतात, आणि असल्या माणसापुढे कान पकडतात. नायक गॉर्डन लिउ. ‘चांदनी चौक टू चायना’मध्ये (२००९) अक्षय कुमारसमोर उभा राहिलेला तो हाच, पण मुलांनी त्याला आधी इथे भेटावं.

सूड घ्यायचा म्हणून हा तरुण शाओलिनच्या मठात येतो. पहिलं वर्ष झाडलोटीत जातं. मग त्याला विचारतात, पस्तीस खोल्या आहेत, कुठून सुरुवात करायची? तो म्हणतो, सगळ्यात वरच्या. (वाघोलीतल्या कोणत्याही मुलाने हेच उत्तर दिलं असतं, आणि त्याच्या पालकांनी त्या बॅचची फीसुद्धा भरली असती.) वरच्या खोलीत म्हातारे भिक्षू नुसते सूत्रपठण करत बसलेले, पण तेवढ्यानेच तो भेलकांडून पडतो. मग अगदी खालून सुरुवात. जेवणघराच्या वाटेवर पाणी, पाण्यात तरंगते ओंडके, त्यांवर पाय देत पलीकडे गेलं तरच जेवण. तो पडतो. ओल्या कपड्यांनी परत येतो. पुन्हा पडतो. आतले लोक त्याच्यासाठी थांबत नाहीत, कोणी ‘एक घास चिऊचा’ म्हणत वाटी घेऊन काठावर येत नाही. हे दृश्य घरातल्या मोठ्यांनी एकमेकांकडे न बघता पाहावं.

पुढे दोन्ही हात खांद्याच्या रेषेत ताठ ठेवून पाण्याच्या बादल्या न्यायच्या. दंडांना सुरे बांधलेले, हात खाली आले की टोकं बरगडीला लागणार. पाण्यासाठी इतके हाल कशाला, असा प्रश्न वाघोलीतलं मूल विचारत नाही. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं तरी कित्येक सोसायट्यांत पाणी अजून टँकरनेच येतं. पाणी म्हणजे कोणीतरी वाहून आणायची वस्तू, हे त्याला पाठ असतं. मग घंटा वाजवायचा लांब जड दांडा, मनगटासाठी. मग डोकं आणि वाळूच्या पिशव्या. चित्रपटाचा मधला मोठा भाग एवढाच आहे: एक माणूस एक काम नीट येईपर्यंत करतो, मग पुढचं.

इथे मूल रिमोट मागेल आणि म्हणेल, ‘फायटिंग कधी आहे?’ रिमोट देऊ नये. या संपूर्ण मार्गदर्शिकेतला एवढा एकच नियम पाळला तरी पुरे. मारामारी तर कोणत्याही चित्रपटात मिळते. कंटाळवाणं काम पडद्यावर इतकं देखणं मात्र फार कमी वेळा दिसतं. आणि पालकाने इथे डबिंगही थांबवावं. ‘बघ, मेहनत केली की फळ मिळतं’ हे वाक्य तोंडात आलंच तर पाणी प्यावं. मुलाला ते कळलेलं असतं. आपण बोललो की त्याचा परिपाठ होतो आणि त्याचं लक्ष पंख्याकडे जातं.

दुसऱ्याच दिवशी क्लब हाउसमधला कराटेचा क्लास लावण्याची ऊर्मी येईल. ती दाबावी. तिथे तिमाही फी भरली की पट्ट्याचा रंग बदलतो, प्रमाणपत्र मिळतं आणि फोटो ग्रुपवर येतो. शाओलिनमध्ये वर्षभर झाडू मारला तरी फोटो काढत नव्हते. हा क्लासवाल्यांचा दोष नव्हे, तेही हप्ते फेडतात. पण रविवारच्या दुपारी मुलाने हौसेने पाहिलेलं काहीतरी सोमवारी संध्याकाळी साडेसहाच्या बॅचला जाऊन बसावं, यात मुलाचं कोणतं भलं आहे, ते आम्हाला उमगलेलं नाही. त्याऐवजी त्याला बाल्कनी झाडायला सांगून बघावं. क्रशरची आणि बांधकामांची धूळ इथे विनामूल्य, रोज ताजी मिळते. पहिल्या वर्षाची सोय झाली.

मुलींसाठी वेगळी यादी लागत नाही, तरी ‘कम ड्रिंक विथ मी’ (१९६६) चुकवू नये. नृत्य शिकलेली चेंग पेइ-पेइ त्यात खाणावळीत शांत बसून राहते, गुंड चहूबाजूंनी गोळा होतात, आणि ती जागची हलत नाही. दिग्दर्शक किंग हू यांना कधी थांबायचं ते कळत होतं. उत्तरार्धात एक दारुडा नायक तिचा चित्रपट हळूच बळकावतो, तेवढा वेळ चहा ठेवायला वापरावा. धाकटं भावंड फार मस्ती करत असेल तर हा चित्रपट राखीपौर्णिमेला लावावा: पळवून नेलेल्या भावाला सोडवायला यात बहीण जाते.

आजीचा विरोध गृहीत धरावा. ‘मेलं, सारखं काय हाणामारी’ असं म्हणून त्या आत जातात आणि सुरे बांधलेल्या बादल्यांच्या वेळी दारात येऊन उभ्या राहतात. आजोबांचं प्रकरण अवघड. त्यांनी ‘एंटर द ड्रॅगन’ तरुणपणी पाहिलेला असतो, अलकाला की राहुलला यावर त्यांचा मित्रांशी वाद असतो, आणि ऐन लढाईत ते सांगू लागतात की हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलंय. बोधिधर्म दक्षिण भारतातला, तो शाओलिनला गेला, भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षं बसला, अशी कथा आहेच. कुंग फू त्यानेच नेलं हे मात्र इतिहासकार मानत नाहीत. आजोबांना इतिहासकारांशी देणंघेणं नसतं. तिथून ते मल्लखांबावर, बाळंभटदादा देवधरांवर, दांडपट्ट्यावर येतात, आणि हे पिलाजी जाधवरावांचं गाव आहे, इथल्या पोरांना चिन्यांकडून काय शिकायचंय, असं विचारतात. त्यांना अडवू नये. फार तर सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा विषय काढावा, म्हणजे चीनला आपण खरोखर काय दिलं यावर ते बोलू लागतील आणि शांतारामबापूंच्या चित्रपटापाशी येऊन थांबतील. तोवर इकडची लढाई संपलेली असते.

सोमवारी शाळेतून फोन येईल. मधल्या सुटीत आपल्या पाल्याने दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या धरून हात आडवे केले, आणि वर्गातल्या अकरा मुलांना रांगेने तसंच उभं केलं, अशी तक्रार असेल. खुलासा करू नये. फोन आजोबांकडे द्यावा. ते बोधिधर्मापासून सुरुवात करतील, आणि दांडपट्टा यायच्या आत बाईच फोन ठेवतील.