पंख्याचे कारभारी

प्रत्येक घरात पंख्याचा एक कारभारी असतो. साठी उलटलेला, अंगात बिनबाह्यांचा बनियन. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा त्याला दोन भिंतींपलीकडून ऐकू येतो. आमच्याकडे हे खातं अण्णांकडे आहे. पाणी प्यायला उठले तरी वाटेतली दोन बटणं बंद करूनच माठापर्यंत पोचतात. कधी कधी खोलीत माणूस असतो. तो हलला नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

गेल्या मे महिन्यात, डोंबिवलीचा घाम असह्य झाला तेव्हा, मी बीएलडीसी पंखा आणला. जुना पाऊणशे वॉट खायचा, हा तिसात भागवतो. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे हिशेब मांडला: रोजचे दहा तास धरले तर महिन्याला साडेतेरा युनिटं वाचणार. पंख्याचा गृहप्रवेश बिनविरोध झाला.

रिमोटला लगेच प्लास्टिकची पिशवी आणि वर रबर. मुक्काम अण्णांच्या उशाखाली. पण हाताची जुनी सवय जाते थोडीच! येताजाता भिंतीवरचं बटण बंद होतं. मग माझा मुलगा रिमोट मिळवून दाबत बसतो आणि पंखा ढिम्म. वीजच तोडली तर तो ऐकणार कशानं? पोरगा सेल काढून चड्डीला घासतो, रिमोट तळहातावर आपटतो. पेपरामागून अण्णा, "तरी म्हणत होतो, असल्या वस्तू टिकत नाहीत."

रिमोटवरचा टायमर मात्र त्यांना मनापासून आवडला. दोन तासांचा लावून ते झोपतात. एक वाजता अख्खं घर घामाघूम होऊन उठतं आणि रिमोट त्यांच्या उशाखालून कुणी काढायचा, यावर कुजबुज चालते. ते घोरत असतात.

या पंख्याला रेग्युलेटर चालत नाही; वेग सांभाळणारं सर्किट त्याच्या पोटातच असतं. म्हणून वायरमननं जुना रेग्युलेटर काढून जोडणी डायरेक्ट केली. बोर्डाला भोक दिसेल म्हणून नुसती खुंटी जागेवर ठेवली. जेवण झालं की अण्णा ती पाचवरून तीनवर आणतात, वर बघतात आणि म्हणतात, "आता कसं, अंगाला लागत नाही."

तिला एकही वायर जोडलेली नाही. आमच्याकडे आलात, तर तेवढं बोलू नका.