साडीच्या दुकानातल्या दिव्यास अनावृत पत्र

श्रीयुत दिवेमहाशय,
मुक्काम : आरशाच्या बरोब्बर वर.

सा. न. वि. वि.

आपल्या कर्तृत्वाची दखल आजवर कुणी घेतली नाही, म्हणून हा पत्रप्रपंच. शिव्या खातो दुकानदार, बोल लागतो रंगाऱ्याला, आणि बाई बिचारी ‘मला मेला कुठला रंगच शोभत नाही’ म्हणत स्वतःच्या कातडीला दोष देते. आपण वर लटकून नामानिराळे!

गेल्या लग्नसराईत आमच्या वहिनींनी आपल्या छत्रछायेखाली शालू घेतला. रंग डाळिंबी. आपण असा काही सोनेरी उजेड ओतलात की जर पेटून उठली आणि वहिनींच्या गालांवर तेज चढले. ‘मॅडम, चेहरा काय खुललाय!’ असे सेल्समन म्हणाला, तेही खोटे नव्हते. घरी येऊन अंगणात घडी मोडली, तर डाळिंबाची वीट झालेली. वर वहिनी आठवडाभर आजारी असल्यासारख्या दिसत होत्या. दुकानाच्या पावतीवर छापलेले होते : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

हल्ली ‘तुमचा सीझन कोणता’ हे सांगणाऱ्यांची चलती आहे, आपल्या कानावर असेलच. गळ्याखाली एकेक रंगाचे कापड धरायचे आणि बाई स्प्रिंग की समर, ऑटम की विंटर, ते ठरवायचे. बाउहाउसमध्ये शिकवणाऱ्या योहानेस इटेन यांच्या लक्षात आले होते की विद्यार्थ्यांना आवडणाऱ्या रंगसंगतींचा त्यांच्या केसांशी-कातडीशी काहीतरी मेळ असतो. पुढे 1980 साली अमेरिकेत कॅरोल जॅक्सन यांच्या ‘कलर मी ब्यूटिफुल’ने चार ऋतूंचा हा हिशेब घरोघरी नेला. त्यात काळ्या केसांच्या बहुतेक आशियाई मंडळींची रवानगी थेट विंटरमध्ये झाली. म्हणजे मे महिन्यात चंद्रपुरात घामाने निथळणारी बाईही हिवाळाच! नंतर चाराचे बारा सीझन झाले, तेव्हा कुठे आमच्या गव्हाळ, सावळ्या, निमगोऱ्या वर्णांना जरा हातपाय पसरायला जागा मिळाली.

या शास्त्राला मी शास्त्र म्हणणार नाही. पण त्यातली जाणती माणसे एक गोष्ट चोख करतात. मेकअप पुसायला लावतात, रंगवलेल्या केसांवर पांढरे फडके बांधतात, खिडकीशी बसवतात आणि कापडाकडे न बघता चेहऱ्याकडे बघतात. आबोली धरल्यावर डोळ्यांखालची काळी वर्तुळे गडद झाली का? मोरपिशी धरल्यावर हनुवटीखालची सावली हटली का? एवढेच. आणि नेमके हेच आपण होऊ देत नाही. मनगटाच्या शिरा निळ्या की हिरव्या, यावरून वर्ण थंड की उबदार ते ठरवतात म्हणे. आपल्या पिवळ्या कृपेत कुणाच्याही शिरा हिरवट भासतात. एका बटणात अख्ख्या गावाला उबदार ऑटम करण्याची ही सिद्धी इटेनसाहेबांनाही साधली नव्हती.

आपल्या पोटातले गुपितही सांगून टाकते. आपण निळा एलईडी. वर पिवळ्या फॉस्फरचा लेप देऊन आपल्याला पांढरे केलेले. त्यामुळे गडद तांबड्याच्या बाबतीत आपली झोळी बरेचदा रिकामी. रंग किती खरे दाखवता, याचे 100 पैकी गुण पुष्कळदा खोक्यावर छापलेले असतात. 80 म्हणजे पास. पण ही सरासरी आठ फिक्या रंगांची! गडद लाल हा नववा पेपर, आर9, तो त्यात धरतच नाहीत. त्यात भोपळा मिळवूनही आपण 80 मिरवू शकता. आणि कुंकू, डाळिंबी, राणी, शिवाय माणसाच्या कातडीतली लाली, सगळे त्या नवव्या पेपरातलेच.

आपल्याला खरे ओळखले आहे ते मॅचिंग सेंटरमधल्या बायकांनी. काउंटरवर ब्लाउजपीस साडीच्या काठाशी तंतोतंत जुळलेला असतो, तरी बाई दोन्ही उचलून तरातरा दारापर्यंत जाते, उजेडात धरते आणि तिथूनच ओरडते, ‘दादा, हा नको, जरा पोपटीकडे जाणारा दाखवा.’ दोन कापडे एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसणे, याला विज्ञानात मेटामेरिझम म्हणतात. तिला ते नाव ठाऊक नाही आणि तिचे काही अडतही नाही.

तेव्हा महाशय, जरीवर खुशाल नाचा. आरशावरून तेवढे उठा.

आपली,
एक गिऱ्हाईक

ता. क. : दुकानदारांनो, आरशापाशी नव्वदच्या वर गुण असलेला दिवा लावा आणि घेताना आर9 विचारा. बायांनो, साडी घेऊन दुकानाच्या पायरीवर या. सोबत नोकर आला तर येऊ द्या. ऊन नको, सावलीतला उजेड बघा, पदर हनुवटीखाली धरा आणि बरोबरच्या बाईला साडी कशी आहे ते विचारू नका, तोंड कसे दिसतेय ते विचारा. पैसे त्यानंतर द्या.