कल्लेमास्तर

मास्तर कुठल्या शाळेत कधीच नव्हते. पण भोरच्या बाजारात मासळीपुढं उभे राहिले की त्यांचा तास सुरू होतो. विद्यार्थी पाटीवरच आडवे, त्यामुळं उलट उत्तर द्यायला कुणी नसतं. मास्तर वाकतात, एका कटल्याचा कल्ला अंगठ्यानं वर करतात, आत डोकावतात आणि "हं" म्हणतात. या "हं"चा अर्थ आजवर कुणाला लागलेला नाही. भोरला जसे हे आहेत तसे वेल्ह्यालाही आहेत. त्या तालुक्याचं नाव आता राजगड झालं, तिथले कल्लेमास्तर मात्र तेच.

मास्तरांचं सगळं भांडवल म्हणजे अलिबागला नोकरीत काढलेली अडीच वर्षं. "आम्ही अलिबागला असताना" या तीन शब्दांशिवाय त्यांना पिशवीसुद्धा उघडता येत नाही. विद्या खोटी नाही. ताज्या माशाचा डोळा फुगीर आणि काचेसारखा, बाहुली काळीभोर. कल्ले लालभडक, त्यावरचा चिकटा पारदर्शक. अंगावर बोट दाबून उचललं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे. खवलं ओढल्याशिवाय सुटता कामा नये. हे सगळं ते न चुकता सांगतात. ऐकणाराला घाई असेल तर पहिल्यापासून सांगतात.

अडचण एवढीच, की भोर म्हणजे अलिबाग नव्हे. इथला मासा भाटघरचा. १९२८ साली बांधून झालेलं हे धरण गावाच्या उशालाच आहे. कटला, रोहू, मृगळ, चिलापी पहाटे जाळ्यात आणि सकाळी पाटीत.

"मावशी, कधीचा आहे?"

"दाजी, आत्ता काढून आणलाय. अजून त्याच्या घरच्यांना बी कळलं नसंल!"

मास्तर वास घेतात. "शिळा आहे. वास येतोय."

"चिखलाचा हाय त्यो. उन्हाळ्यात धरण आटलं की येतोच."

मावशीचं बरोबर असतं. पाण्यातल्या शेवाळाचा आणि सूक्ष्मजीवांचा तो मातकट वास जिवंत माशालाही असतो; त्याचा शिळेपणाशी संबंध नाही. समुद्राची मासळी नासू लागली की जो उग्र दर्प सुटतो, तो वेगळा. मास्तरांचं नाक मात्र अजून अलिबागलाच आहे.

पुण्याहून बर्फात आलेल्या सुरमईपुढं उलटं होतं. डोळा जरा पांढुरका दिसला की मास्तर मान हलवतात. "दाजी, बर्फाचं पाणी लागलं तरी डोळा पांढरा होतो. बोट दाबून बघा." मास्तर दाबत नाहीत. मावशीकडून शिकायचं म्हणजे अडीच वर्षं पाण्यात.

परवा एप्रिलच्या उन्हात त्यांनी दोन किलोचा कटला घेतला. खरोखर अव्वल होता. मावशी म्हणाली, "पोट काढून देते." मास्तर म्हणाले, "नको, अख्खा दे." साफ केलेला मासा लोकांना दाखवणार काय? तिनं मूठभर बर्फ पिशवीत टाकला, तो त्यांनी काढून टाकला. ताज्या माशाला बर्फ म्हणजे अपमान!

घरी पोचायला त्यांना दोन तास लागले. एरवी चालत दहा मिनिटं.

वहिनींचं माहेर पानशेतच्या बाजूचं. पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे आले की रात्री बत्ती घेऊन भाऊ जायचे आणि पहाटे चुलीवर कालवण असायचं. ताजा मासा ओळखायची वेळच कधी आली नाही, कारण शिळा व्हायला तो उरतच नव्हता. त्यांनी कटला परातीत घेतला आणि बघितला.

"डोळा बसलाय. म्हणजे स्टँडासमोर चहा झाला."

मास्तर गप्प.

वहिनींनी कल्ला उचलला. "लाली विटलीय. राजवाड्यापाशी कुणाला तरी उघडून दाखवलंत. एकाला नाही, तिघाचौघांना."

"ते आपलं… विचारलं म्हणून."

मग त्यांनी पोटावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. "पोट मऊ पडलंय. आतली घाण काढली नाही की आधी पोटच जातं. हे तिसरं ठिकाण कुठलं?"

"न्हाव्याकडं गेलो होतो."

वहिनींनी मान वर करून त्यांच्या हनुवटीकडं बघितलं. "दाढी तर तशीच आहे."

"गर्दी होती," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना कल्ले बघायचे होते."

वहिनींनी चिंच जरा जास्तच भिजत घातली.