आधी वास, मग भट्टी

एप्रिलात दोडामार्गाहून डिचोलीकडे निघालं की दोन्ही अंगांना काजूच. फरक एवढाच, की अलीकडे बी काढून घेतली की बोंडू बहुतेक झाडाखालीच सडतो आणि सीमा ओलांडली की तोच कामाला लागतो. भट्टीला पाटी लागत नाही. वास येईल तिकडे गाडी वळवायची.

गाडी ताई चालवत होती, म्हणून भावजी मोकळे होते. मुंबईत कुठेसं ‘टेस्टिंग’ करून आल्यापासून ते पाणीसुद्धा हुंगून पितात. सध्याचं दैवत जमैकाची पांढरी रम. ६३ टक्क्यांची, लाकडी पिंपाचं तोंड न पाहिलेली, केळ्यापासून रंगाच्या डब्यापर्यंत सगळे वास मारणारी. “असं धाडस आपल्याकडे नाही,” असं ते म्हणत होते, तेवढ्यात वास आला.

झापाच्या शेडमध्ये तांब्याचं भाण चुलीवर, तोंड मातीने लिंपलेलं. नळी पाण्याच्या टाकीतून फिरून पलीकडे बारीक धार सोडत होती. बोंडू चेचून काढलेला रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. वरून काही घालायचं नाही. पहिल्या धारेचा हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. तो टिकत नाही, म्हणून मोसमातच उरकतात: लिंबू-सोडा, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची. भावजी दोन ग्लासांत गोव्याचे जावई झाले.

“खंयचे तुमी?” भट्टीवाल्याने विचारलं.

“मुंबईचे. आता खरी द्या.”

हुर्राक आणि आंबलेला रस एकत्र करून पुन्हा चढवला की उतरते ती फेणी, चाळिशीच्या पुढची. त्याने बाटली हलवली, बुडबुडे किती वेळ टिकतात ते पाहिलं आणि पेल्यात बोटभर ओतली. भावजींनी डोळे मिटले. “अननस… ओलं गवत… फणस… किंचित व्हार्निश…”

“काजू,” भट्टीवाला म्हणाला.

“किती वर्षं मुरवलीय?”

“कालची. फाल्यां आयल्यार आजची मेळटली.”

मग पहिला घोट. भावजींचे कान लाल झाले आणि तोंडून एकही विशेषण निघेना. १६व्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला, २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं, हे सगळं मी त्यांना तेवढ्यात सांगून टाकलं. एरवी ते मला बोलूच देत नाहीत.

डिचोलीच्या बाजारात त्यांनी परवान्याची चौकशी करून दोन सीलबंद बाटल्या घेतल्या आणि मुंबईच्या पाहुण्यांपुढे करायच्या भाषणाची तालीम सुरू केली: “पिंपाचा स्पर्श नाही, एकाच डोंगरातलं फळ…”

ताईने खिडकी उघडली. “त्यांना आधी सांगा,” ती म्हणाली, “सोफ्याची कव्हरं धुवायला टाकलीत.”