रोम करून आलेले भाऊसाहेब

परदेश पाहून आलेली माणसं नगरमध्ये आता थोडीथोडकी नाहीत. सावेडीतल्या कुठल्याही कॉलनीत शिरा, चार घरांआड एका फ्रिजवर आयफेल टॉवर चिकटलेला असतोच. पण या मंडळींत एक नमुना वेगळा असतो. तो लंडन करतो, पॅरिस करतो, स्वित्झर्लंडला बायकोच्या अंगावर बर्फाचा गोळा फेकून फोटोही काढतो. म्हणजे युरोपला तो चारचौघांसारखाच जातो. परत मात्र येतो तो थेट रोमहून.

त्याचं नाव काहीही असू शकतं. आपण त्याला भाऊसाहेब म्हणू. बँकेतून निवृत्त, साखर जराशी वर, गुडघे अजून शाबूत आणि मतं सगळ्या विषयांवर. मुलगा पुण्याला, त्यानं आईवडिलांना हौसेनं पाठवलेलं. जाताना भाऊसाहेब कुरकुरत होते. एवढ्या पैशात बोअर घेऊन झाला असता, असं त्यांचं म्हणणं होतं. आता त्यांच्यासमोर बोअरचं नाव काढलं, की ते रोमन लोकांनी डोंगरातून शहरात पाणी कसं आणलं ते सांगू लागतात.

त्यांना रोम आठवायला निमित्त लागत नाही. तारकपूरच्या स्टँडवर एसटीची वाट पाहताना आठवतं, चितळे रोडला मेथीची जुडी निवडताना आठवतं. रस्त्यात खड्डा लागला, की "तिकडं दोन हजार वर्षांपूर्वीच्या फरसबंदीवरून चाललो आम्ही." खड्डा नसेल तर सुरुवात जरा वेगळी करावी लागते, इतकंच. एकदा तर गटारापाशी थांबून ते भावुक झाले. "रोममध्ये गटाराच्या झाकणावरसुद्धा एसपीक्यूआर लिहिलेलं असतं. सिनेट आणि रोमची जनता! जुनं ब्रीद, अजून चालू आहे." आमच्या समोरच्या गटाराला झाकणच नव्हतं, त्यामुळे त्यावर काय लिहावं हा प्रश्न आला नाही.

त्यांच्या कथनाचा कळस म्हणजे 'गायडेड वॉक'. हा शब्द ते एखाद्या पदवीसारखा उच्चारतात. सकाळी बस सोडायची, गाइडबाईंनी हातातली छत्री उंच धरायची आणि चाळीस माणसांनी त्या छत्रीमागं चालायचं. प्रत्येकाच्या गळ्यात एक डबी, कानात एक वायर. बाई पन्नास फुटांवर हळू आवाजात बोलते आणि इकडं कानात स्पष्ट ऐकू येतं. कलोसियम हे व्हेस्पेशियन बादशहानं बांधायला घेतलं, त्याचा मुलगा टायटस यानं इ.स. 80 मध्ये खुलं केलं, पन्नास हजार माणसं बसायची, कमानींवर नंबर कोरलेले, ज्यानं त्यानं आपल्या नंबरातून आत जायचं. "पन्नास हजार माणूस, भो! आणि चेंगराचेंगरी नाही. नाहीतर आपल्याकडं लग्नात पंगत उठली की बघा." पुढं फोरम. जुन्या रोमचा चौक तो. देवळं, कचेऱ्या, बाजार, भाषणं सगळं एका जागी. आता तिथं मोडके खांब आणि मध्ये मध्ये गवत. "पण ते गवतसुद्धा," भाऊसाहेब आवाज खाली आणतात, "मेंटेन केलेलं."

वहिनींची आवृत्ती थोडी निराळी आहे. त्या म्हणतात, "मला पहिल्या दिवशीच कळलं, यांना रोम का आवडलं ते. कानात एक बाई तीन तास बोलत होती आणि हे मधे एक शब्द बोलले नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला हे जमलं नाही. ती डबी विकत मिळते का, असं मी विचारलंसुद्धा. नाही म्हणाले." रोमच्या उन्हात भाऊसाहेबांचे पाय सुजले, बाथरूमला जायला एक युरो पडतो हे ऐकून त्यांनी शंभर रुपयांचा हिशेब केला आणि ते हॉटेलपर्यंत तसेच आले, कलोसियमच्या सावलीत बसून सगळ्यांनी गुपचूप दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, हे तपशील फक्त वहिनींच्या आवृत्तीत सापडतात.

असा हा माणूस. त्याला आम्ही एका रविवारी नगरच्या वारसा फेरीला नेलं, ते आमच्या मास्तरांच्या आग्रहावरून. मास्तर म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक. रविवारी सकाळी हाताला लागतील तेवढी माणसं गोळा करतात आणि निजामशाहीतलं नगर पायी हिंडवतात. पैसे घेत नाहीत. छत्री नाही, डबी नाही, कानात वायर नाही. आहे तो फक्त वर्ग संपल्याची घंटा न ऐकणारा आवाज.

रोममध्ये मौनव्रत पाळलेले भाऊसाहेब इथं पहिल्या थांब्यालाच मोकळे झाले. बागरोजा. मलिक अहमद निजामशहाची कबर, 1490 मध्ये ज्यानं हे शहर वसवलं त्याची. मास्तर सांगू लागले, की जवळच एका हत्तीची कबर आहे. तालिकोटच्या लढाईत, 1565 साली, विजयनगरच्या रामरायाला पकडून देणारा हा गुलामअली हत्ती, असं परंपरा सांगते.

"पुरावा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "परंपरा म्हणालो मी."

"तेच म्हणतो. तिकडं कसं, सगळं लिहून ठेवलेलं. कलोसियमच्या उद्घाटनाला नऊ हजार जनावरं मारली. आकड्यासकट!"

"बरोबर," मास्तर शांतपणे म्हणाले. "त्यांनी मारलेल्यांचा आकडा ठेवला. आपण एकाच हत्तीची कबर ठेवली."

यावर भाऊसाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. ऊन नव्हतं.

दमडी मशिदीपाशी तर त्यांच्यातला बँकेचा इन्स्पेक्टर जागा झाला. 1567 सालची ही छोटीशी मशीद, दगडावर अशी नक्षी की बोट फिरवल्याशिवाय राहवत नाही. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी रोजच्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढून ती उभी केली, अशी आख्यायिका आहे. भाऊसाहेबांनी तिथंच तळहातावर बोटानं आकडेमोड केली. मजूर किती, दिवस किती, दमडीचा भाव काय? "हिशेब बसत नाही, मास्तर. याला मंजुरी मिळणार नाही." कलोसियमचा खर्च जेरुसलेमच्या लुटीतून निघाला असं छत्रीवाल्या बाईनं सांगितलं, तेव्हा याच गृहस्थांनी एकही व्हाउचर मागितलं नव्हतं.

शहा डोंगरावर मात्र प्रकरण हातघाईवर आलं. नगरच्या पूर्वेला डोंगरमाथ्यावर तीन मजली अष्टकोनी इमारत दिसते. नगरकरांच्या किती पिढ्या तिथं सहलीला गेल्या, तिला चांदबिबीचा महाल म्हणत आल्या. मास्तरांनी सांगितलं, की हा महाल नाही, कबर आहे; मूर्तझा निजामशहाचा कारभारी सलाबतखान याची. चांदबिबीचा तिच्याशी संबंध नाही.

"असं कसं?" भाऊसाहेब भडकले. "चौथीत सहल आली होती आमची. बाईंनी स्वतः सांगितलं होतं, चांदबिबी म्हणून. डबा खाल्लाय मी इथं!"

"डबा खाल्ल्यानं महाल होत नाही," मास्तर म्हणाले.

चांदबिबीची खरी जागा म्हणजे खालचा भुईकोट किल्ला. 1595-96 च्या वेढ्यात तिनं तो मोगलांच्या हाती लागू दिला नाही. याच किल्ल्यात 1942 साली काँग्रेसच्या पुढाऱ्यांना इंग्रजांनी डांबलं आणि 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं. भाऊसाहेबांचं सगळं आयुष्य या किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर गेलं. नेहरूंची खोली त्यांनी पाहिलेली नाही. "लष्कराच्या ताब्यात आहे ना तो, कोण ओळखपत्र दाखवत बसणार?" असं त्यांचं कारण. रोमला फोरमच्या कडेला मामेर्तिनो नावाची एक भुयारी कोठडी आहे. सेंट पीटरना तिथं कोंडलं होतं असं परंपरा सांगते. ती बघायला हेच भाऊसाहेब पासपोर्ट हातात धरून उन्हात उभे होते. परंपरेचा पुरावा तिथंही त्यांनी मागितला नाही.

"पण तिकडं जपलंय हो," हे त्यांचं शेवटचं अस्त्र असतं. "आपल्याकडं लोक दगड काढून घरं बांधतात."

मास्तर हे ऐकायची जणू वाटच बघत होते. कलोसियमचा दक्षिणेकडचा मोठा भाग 1349 च्या भूकंपात पडला आणि पुढं कित्येक वर्षं रोमकरांनी तिथले दगड नेऊन वाडे आणि चर्च बांधली. आणि फोरम? तो मातीखाली गेला होता, वर गुरं चरायची. लोक त्या जागेला 'काम्पो वाच्चिनो' म्हणत, म्हणजे गुरांचं मैदान. खणून काढायला, कुंपण घालायला, तिकीट लावायला फार नंतर सुरुवात झाली.

भाऊसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "हे त्या बाईनं सांगितलं नाही."

"सांगितलं असेल," वहिनी म्हणाल्या. "त्या वेळी तुम्ही डबीची बॅटरी बदलत होता."

त्यानंतर भाऊसाहेब फेरीला येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. पण नेवाशाची गाडी ठरली तेव्हा ते सर्वांच्या आधी येऊन पुढच्या सीटवर बसलेले. त्यांचा हेतू साधा होता. नेवाशाला पैस खांबाला टेकून दर्शन घ्यायचं, परतताना शिंगणापूर करायचं. मास्तर काय दगडधोंडे दाखवतील ते गाडीत बसून पाहिलं तरी चालेल. ज्ञानेश्वरांनी 1290 साली जिथं ज्ञानेश्वरी सांगितली त्या गावात इतिहास म्हणजे तेवढाच, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते.

दर्शन झालं. मग मास्तरांनी सगळ्यांना प्रवरेकाठच्या लाडमोड टेकडीकडं वळवलं. बघायला तिथं काही नाही. बाभळी, पिवळं पडलेलं गवत, शेळ्यांच्या लेंड्या. खांब नाही, कमान नाही. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर 'यासाठी डिझेल जाळलं?' असे भाव.

मास्तर नेहमीच्या आवाजात सांगू लागले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी 1954 ते 56 या काळात इथं उत्खनन केलं. खाली खाली जाताना माणसाच्या वस्तीचे थरावर थर लागले. अगदी तळाशी नदीच्या गाळात अश्मयुगातली हत्यारं, वर ताम्रपाषाण काळातली मातीची घरं आणि रांजणांत पुरलेली लहान मुलं, त्यावर सातवाहनांचा काळ. त्या काळातल्या एका थराला सांकलियांनी नाव दिलं इंडो-रोमन. इसवी सनाच्या आगेमागे दोनेकशे वर्षांचा तो थर.

"काय रोमन?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"इंडो-रोमन. रोमन साम्राज्यातून दारू भरून यायचे ते दोन कानांचे उंच माठ असतात ना, अँफोरा, त्यांची खापरं इथं सापडली. भडोचच्या बंदरात माल उतरायचा. तिथून पैठणला वीस दिवसांची वाट, असं त्या काळच्या एका ग्रीक खलाशाच्या पुस्तकात लिहिलंय. पैठण तर इथून जवळच."

भाऊसाहेब खाली बसले. अगदी जमिनीवर. समोर पडलेलं एक खापर त्यांनी उचललं. तांबूस, एका बाजूनं घासलेलं, कडेला मातीची चिमूट अडकलेली. अंगठ्यानं त्यांनी ती माती झाडली. खापर काल फुटलेल्या माठाचंही असू शकत होतं. शेळ्यांमागचा पोरगा जवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, त्यात काय बघता? असली पोत्यानं निघतात. आम्ही बांधावर फेकतो."

"ठेवा ते," मास्तर म्हणाले. "जिथं होतं तिथंच. न्यायचं नाही."

भाऊसाहेबांनी ते खरंच जिथल्या तिथं ठेवलं, वरचा भाग वरच राहील असं. मग उठले, गुडघे झटकले आणि जे बोलू लागले ते थेट प्रवरासंगमापर्यंत. हे कळलं असतं तर छत्रीवाल्या बाईला तिथंच थांबवलं असतं. म्हणालो असतो, बाई, दोन हजार वर्षांपूर्वी तुमचा माल आमच्या तालुक्यात उतरत होता, उधारी बाकी असेल तर बोला. आणि तो पोरगा पोत्यानं काय म्हणतो? जगात कुठल्या गावाच्या बांधावर रोम पडलंय?

"पुरावा?" मास्तरांनी विचारलं. गाडीत पहिल्यांदाच ते हसत होते.

"पुराव्याचं काय घेऊन बसलात! सांकलिया खोटं बोलतील का?"

त्या दिवशी शिंगणापूर राहिलंच. परतीच्या वाटेवर चहाला थांबलो तेव्हा भाऊसाहेबांनी मास्तरांना बाजूला घेतलं. आवाज कर्जवसुलीचा.

"मास्तर, तुमचं चुकतंय कुठं सांगू? फुकट सांगता. फुकट सांगितलेलं माणूस ऐकत नाही, वाद घालतो. माझंच बघा. रोमला मी निमूट ऐकलं, कारण पैसे भरले होते. इथं तुम्ही एक वाक्य बोललात की मी तीन बोललो. तिकीट लावा. छत्री मी आणतो."

मास्तर विचारात पडले. "किती लावू?"

"शंभर. बाहेरच्यांना दोनशे."

"आणि ज्येष्ठ नागरिकांना?"

"निम्मं. नियमच आहे तो."

"म्हणजे पुढच्या रविवारी तुमचे पन्नास."

भाऊसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि मास्तरांकडं असं पाहिलं, जणू कुणी घरच्या जेवणाचं बिल मागितलं.

"माझे कशाला? आपण नगरचेच ना!"