टोकाचा माणूस

छोट्या विमानाच्या पंखाचं मोडलेलं टोक नव्याने बांधणारा माणूस ही छंदिष्टांमधली स्वतंत्र जात आहे. विमान उडवणारे वेगळे, विमान बांधणारे वेगळे. हा त्या दोघांच्या मधल्या फटीत राहतो. वय पन्नाशीपुढचं, बहुधा निवृत्त. तर्जनीवर फेविक्विकचा वाळलेला पापुद्रा असतो आणि तो सोलत सोलत बोलायची त्याला सवय असते. पुण्यासारख्या शहरात रविवारी सकाळी, क्रिकेटवाली पोरं यायच्या आत, तो मैदानावर दिसतो. पण त्याचं खरं वसतिस्थान म्हणजे घरची बाल्कनी.

मोडतोडीचे तो तीन प्रकार मानतो. फोमच्या टोकाला पोचा पडणं हा पहिला. उकळतं पाणी ओतलं की बहुतेक पोचे फुगून वर येतात, म्हणून या प्रकाराला त्याच्या लेखी किंमत नाही. कव्हरिंग फाटणं हा दुसरा. बाल्सा लाकडाचं टोक फासळीसकट उडणं हा तिसरा, आणि चेहऱ्यावर तुकतुकी आणणारा. असं टोक दुसऱ्याचं मोडलं की तो ‘अरेरे’ म्हणतो खरा, पण म्हणता म्हणता खिशातून मोजपट्टी काढतो.

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरहून येतो. वजनाला सागाच्या साधारण पाव, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, आणि तरी वनस्पतिशास्त्राच्या वर्गवारीत तो कठीण लाकडात मोडतो. ही माहिती चहा देणाऱ्या प्रत्येक घरात सांगितली जाते.

कामाची सुरुवात तो मोडलेलं आणखी तोडून करतो. चिरफळ्या तिथल्या तिथे फेविक्विकने जुळवणाऱ्याला तो माणसांत धरत नाही. शाबूत फासळीपर्यंत मागे जायचं आणि कड तिरकी कापायची, म्हणजे सांध्याला डिंक धरायला जास्त जागा मिळते. मग बाल्साच्या दीड मिलिमीटरच्या पट्ट्या कोमट पाण्यात भिजतात. पुठ्ठ्याच्या साच्याभोवती त्या एकीवर एक, मध्ये फेविकॉल लावून, वाकवायच्या आणि टाचण्यांनी जखडून रात्रभर वाळू द्यायच्या. त्या रात्री पंखा लावायला बंदी असते, कारण साचा जेवणाच्या टेबलावर असतो आणि पंखा त्याच्या डोक्यावर.

मग वजनाचा प्रश्न येतो, आणि इथे त्याला घरचे ‘टोकाचा माणूस’ का म्हणतात ते कळतं. विमान कलवताना मध्यापासून दुप्पट अंतरावरचं तेवढंच वजन चौपट अडवतं, म्हणून टोकावर चढलेला जादा डिंक त्याच्या जिवाला लागतो. नवं टोक तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलतो; साबुदाणा मोजायला आलेल्या माणसाने तोवर थांबायचं. शेवटी विमान नाकाला आणि शेपटीला धरून उचललं जातं. जो पंख वर राहील त्याच्या टोकात छोटा स्क्रू जातो.

टोकाची मागची कड एखाद-दोन अंश वर उचललेली ठेवणं, म्हणजे वॉशआउट, हा त्याच्या प्रवचनाचा कळस. त्यामुळे वेग पडल्यावर पंखाचा मुळाकडचा भाग आधी हार खातो, टोक तग धरतं आणि विमान एका कुशीवर कोसळत नाही. हे तो तळहात तिरका करून दाखवतो. समोरच्याच्या हातात त्या वेळी बहुधा बशी असते.

कव्हरिंगची फिल्म इस्त्रीने बसते: कमी तापमानाला चिकटते, जास्त तापमानाला आक्रसून ताणली जाते. त्यासाठी वेगळी इस्त्री घ्यावी हे त्याला पटलेलं आहे, फक्त गेली काही वर्षं आणायची राहिली आहे. “अहो, इस्त्रीला हे निळं काय लागलंय?” हा प्रश्न या घरात लग्नसराईच्या दिवसांत हमखास ऐकू येतो. उत्तर येत नाही. बाल्कनीतून सँडपेपरचा आवाज मात्र येतो.

राहता राहिलं उड्डाण. टोकं आकाशात मोडतात हा बाहेरच्यांचा गैरसमज. ती मोडतात लिफ्टच्या दारात, गाडीच्या डिकीत आणि सगळ्यांत जास्त जिन्यात. दीड मीटरचा पंख घेऊन जिन्याच्या वळणावर वळणं ही गोष्ट इमारत बांधणाऱ्याने विचारात घेतलेली नसते. शनिवारी रात्री पुरं झालेलं टोक रविवारी सकाळी साडेसहाला पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागतं. तो वाकून तुकडे गोळा करतो, एक उजेडात धरून बघतो आणि परत वर चढू लागतो, जरा भरभरच. मैदानावर ताटकळलेल्यांनी त्याची वाट न बघता आपापली विमानं उडवून घ्यावीत.